पुरलेल्या कचऱ्यातला धातू हापशापर्यंत कधी पोहोचतो? मातीतल्या प्रवासाचं सोपं गणित



आजचा पाठ विज्ञान, भूगोल आणि गणित या तिन्ही विषयांना जोडणारा आहे. सातवी-आठवीची मुलं डोळ्यासमोर ठेवून तो लिहिला आहे. पण शिक्षकांनी, पालकांनी आणि ग्रामपंचायतीत बसणाऱ्यांनीही वाचावा, कारण प्रश्न आपल्या पिण्याच्या पाण्याचा आहे.

आपल्या उमरगा भागात रस्त्याच्या कामाला, घराच्या भरावाला मुरूम लागतो. मुरूम काढला की खड्डा राहतो आणि रिकामा खड्डा दिसला की माणसाला त्यात कचरा टाकावासा वाटतो. आटलेल्या आडाचंही तेच होतं. आधी केरकचरा, मग फुटक्या बाटल्या, जुने सेल, रंगाचे डबे, मेलेल्या बॅटऱ्या. वरून थोडी माती लोटली की काम झालं. दिसत नाही म्हणजे संपलं, असं आपण धरून चालतो.

खरंच संपतं का? त्या कचऱ्यातला धातू जमिनीखाली कुठं जातो? किती वर्षांत जातो? आणि आपल्याला ते आधी कळू शकतं का? या तीन प्रश्नांची उत्तरं आज शोधू.

१. आपल्या पायाखाली काय आहे?

विहीर खोदणाऱ्या माणसाला विचारा, तो लगेच थर सांगेल. वर काळी माती. तिच्याखाली कुठं कुठं पांढरट चुनखड. मग मुरूम, म्हणजे झिजलेला, भुगा होत चाललेला खडक. त्याखाली भोकाभोकांचा मांजऱ्या किंवा भेगा पडलेला खडक आणि शेवटी कठीण काळा पाषाण.

हा सगळा दख्खनचा बेसॉल्ट खडक आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. पुण्यापासून उमरग्यापर्यंत हाच खडक पसरलेला आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पाणी प्रामुख्यानं मुरमात आणि भेगांत साठतं. आपल्या विहिरींना झरे फुटतात ते याच थरांतून. कठीण पाषाणात पाणी जवळजवळ नसतंच. म्हणजे आपलं भूजल हे जमिनीखालचं तळं नाही. ओल्या मुरमात आणि फटींमध्ये अडकलेलं ते थोडंसं पाणी आहे. थोड्या पाण्यात थोडी घाण पडली तरी ती जास्त वाटते.

२. कचऱ्यात धातू येतो कुठून?

• गाडीच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीतून शिसं.
• जुन्या पद्धतीच्या रिचार्जेबल सेलमधून निकेल आणि कॅडमियम.
• सीएफएल बल्ब आणि ट्यूबलाइटमधून पारा.
• जुन्या रंगांतून आणि टीव्ही-रेडिओच्या सर्किटवरच्या डागातून शिसं.
• कमावलेल्या चामड्यातून क्रोमियम.

भाजीचा देठ सडतो, कागद कुजतो, त्यांची माती होते. धातूचं तसं नाही. शिशाचा अणू शंभर वर्षांनीही शिशाचाच राहतो. तो फक्त जागा बदलतो किंवा रूप बदलतो. म्हणून धातूच्या बाबतीत "कधी नष्ट होईल?" हा प्रश्नच चुकीचा आहे. खरा प्रश्न "आत्ता कुठं असेल?" हा आहे.

पावसाचं पाणी कचऱ्यातून झिरपतं आणि तळाला काळपट, घाण वासाचं पाणी जमतं. त्याला लीचेट म्हणतात. चहाच्या पातेल्यातून जसा अर्क उतरतो तसाच हा कचऱ्याचा अर्क. यात क्षार असतात, सडण्यातून तयार झालेली आम्लं असतात आणि थोडे धातूही विरघळलेले असतात. बराचसा धातू कचऱ्यातच अडकून राहतो हे खरं. पण पिण्याच्या पाण्याची मर्यादा किती बारीक आहे ते बघा. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये शिसं ०.०१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅम आणि पारा ०.००१ मिलिग्रॅम यापेक्षा जास्त नको. म्हणजे एक ग्रॅम शिसं एक लाख लिटर पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन ठेवू शकतं. हजार लिटरच्या शंभर टाक्या! आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करतं, म्हणून मर्यादा इतकी कडक आहे.

३. आधी पाण्याचा वेग काढू

१८५६ साली हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्यानं दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वाळूतून पाणी किती वेगानं जातं याचे प्रयोग होते. त्यातून निघालेला नियम आजही जगभर वापरतात. सोप्या भाषेत तो असा:

पाण्याचा वेग = थराची पारगम्यता × पाण्याच्या पातळीचा उतार ÷ सच्छिद्रता

पारगम्यता म्हणजे थर पाण्याला किती सहज वाट देतो ते. सच्छिद्रता म्हणजे थरात पाण्यासाठी मोकळी जागा किती. उतार म्हणजे एका विहिरीपासून दुसऱ्या विहिरीपर्यंत पाण्याची पातळी किती उतरली.

आता एक उदाहरण करू. यातले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत, कुठल्या एका गावचे मोजलेले नाहीत. गावाबाहेर मुरमाच्या खड्ड्यात कचरा पुरलाय. तिथून उताराला १०० मीटरवर हापसा आहे.

मुरमाची पारगम्यता: दिवसाला १ मीटर
उतार: १०० मीटरला १ मीटर, म्हणजे ०.०१
सच्छिद्रता: ०.२

वेग = १ × ०.०१ ÷ ०.२ = दिवसाला ०.०५ मीटर, म्हणजे ५ सेंटीमीटर.
१०० मीटरला लागणारे दिवस = १०० ÷ ०.०५ = २००० दिवस, म्हणजे साधारण साडेपाच वर्षं.

खड्ड्याखालचं पाणी हापशाला यायला साडेपाच वर्षं! यातच पहिला धडा आहे. आज पुरलेल्या कचऱ्याचा परिणाम उद्या दिसत नाही. आज सातवीत असलेला मुलगा बारावीला जाईल तेव्हा ते पाणी पोहोचेल. तोवर "इतकी वर्षं कचरा टाकतोय, काय झालं?" असं म्हणणारे गावात तयार झालेले असतात.

४. माती धातूला धरून ठेवते

पाणी साडेपाच वर्षांत आलं, मग शिसंही साडेपाच वर्षांतच येईल का? नाही. कारण माती धातूला मध्येच धरते.

काळ्या मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. शिसं, कॅडमियम, जस्त, तांबं हे पाण्यात विरघळले की त्यांच्यावर धन भार असतो. ऋण आणि धन एकमेकांना ओढतात. म्हणून धातूचा आयन मातीच्या कणाला जाऊन चिकटतो, थोड्या वेळानं सुटतो, पुढे जातो, पुन्हा चिकटतो. याला अधिशोषण म्हणतात.

हे समजायला आपली एसटी घ्या. उमरग्याहून सोलापूरला विनाथांबा गाडी निघाली आणि त्याच वेळी साधी गाडीही निघाली. रस्ता एकच, इंजिन सारखंच. पण साधी गाडी येणेगूरला थांबते, जळकोटला थांबते, नळदुर्गला थांबते, अणदूरला थांबते, मधल्या प्रत्येक फाट्यावर हात दाखवला की थांबते. पोहोचते दोन्ही, पण साधी उशिरा. जमिनीखाली क्लोराइड म्हणजे मिठासारखा क्षार हा विनाथांबा प्रवासी आहे. त्याच्यावर ऋण भार असल्यामुळं माती त्याला धरत नाही. शिसं हा प्रत्येक फाट्यावर उतरणारा प्रवासी आहे.

साध्या गाडीला विनाथांब्याच्या कितीपट वेळ लागला, त्या आकड्याला विलंब गुणांक म्हणू. त्याचं सूत्र असं:

विलंब गुणांक = १ + (मातीची घनता ÷ सच्छिद्रता) × मातीची पकड

घनता लिटरला १.६ किलो आणि सच्छिद्रता ०.२ घेतली, तर १.६ ÷ ०.२ = ८. आता पकडीचे उदाहरणादाखल आकडे घेऊन हिशोब करू:

• क्लोराइड: पकड ०. गुणांक १ + ८ × ० = १. वेळ साडेपाच वर्षं.
• क्रोमेट रूपातलं क्रोमियम: पकड ०.५. गुणांक १ + ८ × ०.५ = ५. वेळ साधारण २७ वर्षं.
• कॅडमियम: पकड ५. गुणांक १ + ८ × ५ = ४१. वेळ साधारण २२५ वर्षं.
• शिसं: पकड ५०. गुणांक १ + ८ × ५० = ४०१. वेळ साधारण २,२०० वर्षं.

क्रोमियम इतकं पुढे का? कारण क्रोमेट रूपात त्याच्यावर ऋण भार असतो. धातू असूनही माती त्याला फारशी धरत नाही. म्हणून चामड्याच्या आणि क्रोम मुलाम्याच्या कारखान्यांचा कचरा जास्त जपून हाताळावा लागतो.

हे आकडे पाहून कुणी म्हणेल, "शिशाला २,२०० वर्षं लागणार असतील तर काळजी कशाला?" थांबा. अजून दोन गोष्टी बाकी आहेत.

५. चिंचोक्यांचं मॉडेल: वर्गात करून बघा

शास्त्रज्ञ हे गणित संगणकावर करतात. अमेरिकेच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेनं १९८० च्या दशकात मॉडफ्लो नावाचा प्रोग्रॅम तयार केला, तो आजही चालतो. त्याची कल्पना चौकटीच्या वहीसारखी आहे. जमिनीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात किती आलं, किती गेलं, किती उरलं याचा हिशोब ठेवायचा. तेच आपण चिंचोक्यांनी करू.

फरशीवर खडूनं एका ओळीत दहा चौकोन काढा. पहिल्या चौकोनात ६४ चिंचोके ठेवा. हा झाला खड्ड्यातून सुटलेला धातू. नियम एकच: प्रत्येक फेरीला प्रत्येक चौकोनातले तीन चतुर्थांश चिंचोके "मातीला चिकटले" म्हणून जागेवर ठेवायचे आणि एक चतुर्थांश पुढच्या चौकोनात सरकवायचे. म्हणजे विलंब गुणांक ४ झाला.

सुरुवात: ६४
पहिल्या फेरीनंतर: ४८, १६
दुसऱ्या फेरीनंतर: ३६, २४, ४
तिसऱ्या फेरीनंतर: २७, २७, ९, १

बेरीज प्रत्येक वेळी ६४ येते का ते मुलांना तपासायला सांगा. आली पाहिजे, कारण धातू नष्ट होत नाही.

आता दुसऱ्या ओळीत ६४ शेंगदाणे घ्या. हे क्लोराइड. यांना कुणी धरत नाही, म्हणून प्रत्येक फेरीला सगळेच्या सगळे पुढे सरकतात. तीन फेऱ्यांनंतर ६४ शेंगदाणे चौथ्या चौकोनात असतील.

मुलांना विचारा, धातू कुठं आहे? बहुतेक चिंचोके अजून पहिल्या-दुसऱ्या चौकोनातच आहेत. पण चौथा चौकोन नीट बघा. तिथं एक चिंचोका शेंगदाण्यांच्या बरोबरीनं पोहोचलाय!

या खेळातून कळतं ते हेच. "२,२०० वर्षं" हा सरासरी वेळ आहे. धातू एका ओळीत, शिस्तीत चालत नाही, तो पसरत पसरत जातो. थोडासा भाग सरासरीच्या खूप आधी पोहोचतो. आणि पिण्याच्या पाण्याची मर्यादा इतकी बारीक असते की पहिला चिंचोकासुद्धा महत्त्वाचा ठरतो.

६. सरळ गणित कुठं मोडतं?

आपण धरलं की माती सगळीकडे सारखी आहे, तिची पकड कायम आहे आणि उतार बदलत नाही. प्रत्यक्षात आपल्या भागात चार गोष्टी हे गणित मोडतात.

भेगा. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट खाली उतरतो, मातीच्या कणांना नीट न भेटताच. खडकातल्या भेगांचंही तसंच. भेगेची पारगम्यता दिवसाला २० मीटर आणि सच्छिद्रता ०.०२ घेऊन तोच हिशोब करा: २० × ०.०१ ÷ ०.०२ = दिवसाला १० मीटर. साडेपाच वर्षांचं अंतर १० दिवसांत! भेगेतल्या पाण्याला माती भेटतच नाही, मग धातूला धरणार कोण?

आम्ल. मातीची पकड सामूवर अवलंबून असते. सामू कमी झाला, म्हणजे पाणी आंबट झालं, की धातू मातीला सोडून पाण्यात उतरतो. ताज्या कचऱ्यात सडण्याची सुरुवात होते तेव्हा आम्लं तयार होतात. आपली माती चुनखडीची असल्यानं ती बरंचसं आम्ल मारते, ही जमेची बाजू. पण समजा आम्लामुळं कॅडमियमची पकड ५ वरून ०.२५ वर आली. गुणांक १ + ८ × ०.२५ = ३. वेळ २२५ वर्षांवरून साधारण साडेसोळा वर्षांवर येतो. बॅटरी फोडून तिचं अ‍ॅसिड खड्ड्यात ओतणारा माणूस धातूची वाट स्वतःच्या हातानं मोकळी करत असतो.

उपसा. हापशाशेजारी बोअर पाडला आणि दिवसभर मोटार चालू ठेवली, की त्या बाजूला पाण्याची पातळी खाली जाते. उतार वाढतो. उतार चौपट झाला तर वेग चौपट. मघाचं साडेसोळा वर्षांचं कॅडमियम चार वर्षांवर येतं. कधी कधी तर उतार उलटा फिरतो आणि वरच्या अंगाची म्हणून सुरक्षित समजलेली विहीरही खड्ड्याचं पाणी ओढायला लागते.

खड्डा स्वतः. चौथी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. धातूला धरणारी ताकद सगळ्यात जास्त काळ्या मातीत असते. मुरमात ती फार कमी. आणि मुरमाचा खड्डा म्हणजे काय? जिथली काळी माती आधीच काढून टाकली आहे ती जागा! वर खड्ड्याचा तळ पाण्याच्या पातळीच्या जवळ गेलेला. म्हणजे कचरा टाकायला आपण नेमकी तीच जागा निवडतो जिथली गाळणी आपणच काढून घेतली. आटलेला आड तर त्याहून वाईट, तो थेट झऱ्यापर्यंत नेणारा जिना आहे.

आणखी एक गोष्ट. मातीची पकड कितीही चांगली असली तरी जागा मोजक्याच असतात. एसटीतल्या सीट भरल्या की पुढच्या फाट्यावरचा प्रवासी उभ्यानं जातो. मातीतल्या जागा भरल्या की नवा धातू सरळ पुढे जातो.

७. हे महाराष्ट्रात घडलंय: फुरसुंगी आणि उरुळी देवाची

मघाशी म्हटलं होतं की पुण्यापासून उमरग्यापर्यंत खडक एकच आहे. म्हणून पुण्याजवळचं हे उदाहरण आपल्याला जवळचं आहे.

पुणे शहराचा कचरा कित्येक वर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत टाकला गेला. ही जागा जुन्या दगडखाणीची. कचरा डेपोची जमीन वाढत वाढत सुमारे १६३ एकरांवर गेली. म्हणजे खाण, खाली भेगांचा बेसॉल्ट आणि आजूबाजूला शेतकऱ्यांच्या विहिरी. आपल्या गणितातल्या सगळ्या गोष्टी तिथं एकत्र आल्या.

पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या लीचेटचा आणि बेसॉल्टमधल्या उथळ भूजलाचा अभ्यास केला. तो २०१० साली प्रसिद्ध झाला. डेपोजवळच्या विहिरींच्या पाण्यावर लीचेटचा परिणाम झाल्याचं त्यातून पुढे आलं. विहिरी असून या गावांना टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली, तेव्हा ग्रामस्थांनी तीन आठवड्यांहून जास्त काळ कचऱ्याच्या गाड्या अडवून धरल्या. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०१८ मध्ये, आपल्या मराठवाड्यात नारेगावच्या लोकांनी औरंगाबाद महापालिकेच्या गाड्या रोखल्या. आज त्या शहराला छत्रपती संभाजीनगर म्हणतात.

डेपोच्या काही भागावर मातीचं झाकण घालण्यात आलं, पुढे जुना कचरा उकरून वेगळा करण्याची कामंही हाती घेतली गेली. झाकणामुळं नवं पावसाचं पाणी आत जायचं कमी होतं. पण जे पाणी आधीच खाली उतरलं, ते त्याच्या वेगानं चालत राहतं. साडेपाच वर्षांचा उशीर जसा येताना होता, तसाच जातानाही असतो. धातूच्या बाबतीत तर गुणांकाच्या पटीत. म्हणून भूजल बिघडायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या कितीतरी पट वेळ ते सुधारायला लागतो.

८. मग या गणिताचा उपयोग काय?

बघा, शिसं आणि कॅडमियम तपासायला मोठी प्रयोगशाळा लागते. गावात जल जीवन मिशनचं जे किट असतं, त्यावर हे धातू कळत नाहीत. पण त्या किटवर क्लोराइड कळतं! आणि क्लोराइड हा आपला विनाथांबा प्रवासी आहे. तो सगळ्यांच्या आधी येतो.

म्हणजे हापशाच्या पाण्यात क्लोराइड वर्षागणिक वाढत असेल तर खड्ड्याचं पाणी पोहोचल्याचा तो सांगावा असू शकतो. धातू मागून येत असतील. मधला जो वेळ आहे, तीच आपली संधी आहे. पाणी आज पिण्यालायक आहे म्हणून निर्धास्त राहायचं नाही आणि किटमध्ये धातू दिसला नाही म्हणून खड्डा निर्दोष ठरवायचा नाही.

अर्थात क्लोराइड शोषखड्ड्यातून, सांडपाण्यातूनही येतं. म्हणून एकाच हापशाचं पाणी पाहून निष्कर्ष काढू नका. खड्ड्याच्या वरच्या अंगाची एक विहीर आणि खालच्या अंगाची एक विहीर, दोन्ही तपासा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा. तारीख घालून वहीत नोंद ठेवा. खालच्या विहिरीत वाढतंय आणि वरच्या विहिरीत नाही, असं दोन-तीन वर्षं दिसलं, तर ती वही घेऊन ग्रामपंचायतीत जा आणि धातूंची तपासणी मागा. पाच गावातल्या पाच शाळांनी अशा वह्या ठेवल्या तर तालुक्याचं चित्र तयार होईल.

नियमही माहीत असू द्या. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये कचरा भरण्याची जागा नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर आणि वस्ती व पाणीपुरवठ्याच्या विहिरीपासून २०० मीटर दूर हवी असं सांगितलं होतं. तळाला ९० सेंटीमीटर दाबलेल्या चिकणमातीचा थर आणि त्यावर १.५ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिकचं अस्तर हवं होतं. त्या चिकणमातीतून वर्षाला जेमतेम ३ सेंटीमीटर पाणी झिरपावं, इतकी ती घट्ट हवी होती. आपल्या उदाहरणातल्या मुरमाशी तुलना करा, म्हणजे उघड्या खड्ड्यात आणि नीट बांधलेल्या जागेत काय फरक आहे ते कळेल.

घरात काय करायचं?

• बॅटरी, सेल, ट्यूबलाइट, मोबाइल घंटागाडीच्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. वेगळ्या डब्यात साठवा.
• जुनी बॅटरी नवी घेताना दुकानात परत द्या. २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.
• बॅटरी घरी फोडू नका, अ‍ॅसिड ओतू नका.
• पाणी उकळून किंवा टीसीएल पावडर टाकून जंतू मरतात, धातू जात नाही. उकळल्यावर पाणी आटतं आणि धातू थोडा दाटच होतो. तुरटी फिरवून पाणी स्वच्छ दिसतं, पण विरघळलेला धातू डोळ्यांना मुळातच दिसत नाही.
• आटलेला आड बुजवायचाच असेल तर स्वच्छ दगड-मातीनं बुजवा. त्यापेक्षा पुनर्भरणासाठी वापरला तर उत्तम, पण त्यात गाळलेलं स्वच्छ पावसाचं पाणीच सोडा.

थोडक्यात

पाणी पुढे जातं, धातू मागं राहतो, पण थांबत नाही. किती मागं राहतो ते मातीच्या पकडीवर ठरतं. भेगा, आम्ल, उपसा आणि काळी माती काढलेला खड्डा ही पकड सोडवतात. क्लोराइड आधी येतं, धातू नंतर. या दोघांच्या मधल्या काळात गाव जागं झालं तर पाणी वाचतं.

स्वाध्याय

१. हापसा खड्ड्यापासून १०० ऐवजी २५० मीटरवर असेल, बाकी आकडे तेच असतील, तर क्लोराइडला किती दिवस लागतील?
२. एका धातूची पकड २ आहे. घनता ÷ सच्छिद्रता = ८ धरून विलंब गुणांक काढा. १०० मीटरला त्याला किती वर्षं लागतील?
३. चिंचोक्यांच्या खेळात चौथी फेरी करण्यासाठी सुरुवातीला २५६ चिंचोके घ्या. चौथ्या फेरीनंतर पाचव्या चौकोनात किती येतील?
४. क्रोमेट हे कॅडमियमपेक्षा लवकर का पोहोचतं? दोन वाक्यांत लिहा.
५. आपल्या गावाचा साधा नकाशा काढा. त्यात विहिरी, हापसे, ओढा, मुरमाचे खड्डे आणि जमिनीचा उतार दाखवा. कोणत्या हापशावर लक्ष ठेवायला हवं ते गोल करून दाखवा.

उत्तरं: पहिल्याचं ५००० दिवस, म्हणजे साधारण पावणेचौदा वर्षं. दुसऱ्याचं गुणांक १७, म्हणजे साधारण ९३ वर्षं. तिसऱ्याचं एक. चौथ्याचं उत्तर पाठातच आहे. पाचव्याचं मात्र गावात फिरूनच मिळेल. मुलांना घेऊन एकदा चक्कर मारा. पावसाळ्याआधी मारली तर जमिनीच्या भेगाही पाहता येतील.